तळ्याच्या तळापासून समुद्राच्या तळापर्यंत

स्कूबा डायव्हिंगचे जनक जाक-ईव्ह कुस्तो यांना शिकवणारी शाळा जगात कुठेच नव्हती. परदेशी जाऊन हा व्यवसाय शिकू पाहणाऱ्या आजच्या तरुणाने त्यांचे आयुष्य वाचावे ते त्यासाठीच.

धाराशिव जिल्ह्यापासून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. पावसाची वाट पाहण्यात वर्षे घालवणारा हा मुलूख. तरीही पाण्याशी त्याचे नाते जुने आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असताना आतला माणूस कोरडा राहतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असे आणि तेथून समुद्रापार रवाना होत असे. गावोगावची मुले आजही पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीत पडलेली घागर किंवा बुडालेली मोटार वर काढण्यासाठी श्वास रोखून तळ गाठणारा एखादा पट्टीचा पोहणारा प्रत्येक गावात असतोच.

अशा गावातील तरुणाने पाणबुड्याचा व्यवसाय करायचे ठरवले, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो शिकायचे कुठे, हा. थायलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स अशी नावे समोर येतात. माहितीपत्रकांत निळे पाणी आणि रंगीत मासे असतात. शुल्क मात्र घरच्या जमिनीकडे पाहायला लावणारे असते. चुकीची निवड झाली तर पैसा जातोच, पाण्याखाली जीवही जाऊ शकतो. ही निवड कोणत्या कसोटीवर करावी, याचे उत्तर या विद्येचा पाया घालणाऱ्या माणसाच्या चरित्रात मिळते.

तळ्यातला पहिला धडा

जाक-ईव्ह कुस्तो यांचा जन्म 11 जून 1910 रोजी नैऋत्य फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सँ-आंद्रे-द-क्यूबझाक या लहानशा गावात झाला. घराणे दर्यावर्दी नव्हते. वडील श्रीमंत अमेरिकी गृहस्थांचे सचिव म्हणून काम करीत आणि त्यांच्यासोबत कुटुंबाची सतत भ्रमंती चाले. मुलगा प्रकृतीने नाजूक होता. दम लागेल असे खेळ त्याने खेळू नयेत, असा डॉक्टरांचा सल्ला होता.

1920 च्या सुमारास हे कुटुंब काही काळ न्यूयॉर्कमध्ये राहिले. उन्हाळ्यात मुलाला व्हरमाँट राज्यातील एका तळ्याकाठच्या शिबिरात पाठवण्यात आले. तळ्याच्या तळाशी झाडांच्या फांद्या अडकल्या होत्या. पोहणाऱ्या मुलांना त्यांचा त्रास होऊ नये म्हणून त्या काढण्याचे काम एका शिक्षकाने त्याच्यावर सोपवले. चष्मा नाही, नळी नाही, नुसता श्वास रोखून गढूळ पाण्यात बुडी मारायची. पुढे जगाला समुद्राचा तळ दाखवणाऱ्या माणसाने बुडी मारण्याचा पहिला धडा असा समुद्रापासून दूर, गोड्या पाण्यात गिरवला. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाने समुद्र जवळ नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही, ते यामुळेच.

शाळेत कुस्तो यांचे मन रमत नसे. यंत्रे उघडून पाहणे आणि चित्रण करणे हे त्यांचे छंद. तेराव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून त्यांनी चलचित्रणाचा कॅमेरा विकत घेतला. 1930 मध्ये ते ब्रेस्ट येथील नौदल अकादमीत दाखल झाले. मात्र त्यांची ओढ पाण्यापेक्षा आकाशाकडे होती. नौदलाच्या हवाई शाखेत वैमानिक होण्याचे त्यांनी ठरवले होते. 1936 मध्ये झालेल्या मोटार अपघाताने ते स्वप्न मोडले. हातांना इतकी गंभीर दुखापत झाली की उड्डाणाचा विचार सोडून द्यावा लागला.

भूमध्य समुद्रावरील तूलाँ बंदरात नेमणूक झाली तेव्हा नौदलातील सहकारी फिलिप तायए यांनी त्यांना समुद्रात पोहण्याचा आग्रह केला. दुखावलेल्या हातांना व्यायाम व्हावा, एवढाच हेतू होता. एके दिवशी पाण्यात वापरायचा चष्मा डोळ्यांना लावून कुस्तो यांनी पाण्याखाली मान घातली आणि तिथले वनस्पतींचे आणि माशांचे जग त्यांना प्रथमच स्पष्ट दिसले. पुढील साठ वर्षांची दिशा त्या क्षणी ठरली. उत्तम पोहणारे आणि मासे मारण्यात वाकबगार असलेले फ्रेडरिक द्युमा लवकरच या जोडीला येऊन मिळाले.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग

बुडी मारायची तर श्वास संपतो आणि वर यावे लागते. त्या काळातील धंदेवाईक पाणबुडे पितळी शिरस्त्राण, जड बूट आणि वर जहाजाला जोडलेली हवेची नळी घेऊन तळावर चालत. त्यांना पोहता येत नसे. माशासारखे मोकळे फिरता यावे, ही कुस्तो यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी शुद्ध प्राणवायूवर चालणारे उपकरण वापरून पाहिले. जो वायू जगवतो, तोच दाबाखाली विषासारखा वागतो, हे त्यांना स्वतःच्या जिवावर बेतले तेव्हा उमगले. फार खोलही न जाता त्यांना झटके आले. एकदा नव्हे, दोनदा. कमरेचे वजन सोडून देता आले म्हणून ते वाचले. आज प्रशिक्षणात सांगितल्या जाणाऱ्या या धोक्याची किंमत त्यांनी अशी मोजली.

1937 मध्ये त्यांचा सिमोन मेल्शियोर यांच्याशी विवाह झाला. सिमोन यांचे वडील एर लिकिद या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीत वरिष्ठ पदावर होते. त्यांच्यामुळे 1942 च्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल गान्याँ या अभियंत्याची भेट झाली. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले होते आणि मोटारी वायूवर चालवण्यासाठी गान्याँ यांनी एक झडप तयार केली होती. इंजिनाला लागेल तेवढाच वायू ती सोडत असे. माणसाच्या फुप्फुसांना लागेल तेवढीच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा अशी झडप देऊ शकेल काय, हा प्रश्न दोघांनी मिळून सोडवला.

पहिली चाचणी 1943 च्या जानेवारीत, थंडीने गोठवणाऱ्या मार्न नदीत झाली. म्हणजे पुन्हा गोडे पाणीच. कुस्तो आडवे पोहत असताना यंत्र उत्तम चालले. ते उभे राहताच हवा वाया जाऊ लागली आणि डोके खाली केल्यावर श्वासच मिळेना. हवा घेण्याची आणि सोडण्याची जागा वेगवेगळ्या पातळीवर आल्याने हा घोळ होत होता. दोन्ही एका पातळीवर आणताच दोष दूर झाला. त्याच वर्षी जूनमध्ये तूलाँजवळील बांदोल येथे समुद्रात उपकरण यशस्वी ठरले. त्याला ॲक्वालंग हे नाव मिळाले. पाठीवर दाबलेल्या हवेची नळकांडी, तोंडात झडपेची नळी आणि पायांत रबरी पंख. माणूस पाण्याखाली प्रथमच मोकळा झाला.

मित्रांच्या मृत्यूने लिहिलेला अभ्यासक्रम

युद्ध संपल्यावर 1945 मध्ये फ्रेंच नौदलाने तूलाँ येथे पाण्याखालील संशोधनाचा एक गट स्थापन केला. तायए, कुस्तो आणि द्युमा त्याचे आधारस्तंभ होते. बंदरातील सुरुंग काढणे, बुडालेली जहाजे तपासणे आणि नौदलाच्या जवानांना नवे उपकरण वापरायला शिकवणे ही कामे गटाकडे होती. येथेच या विद्येला शाळेचे पहिले रूप आले. मात्र शिकवणारेही शिकतच होते.

27 ऑगस्ट 1946 रोजी दक्षिण फ्रान्समधील व्होक्लूझच्या प्रसिद्ध झऱ्याच्या विवरात कुस्तो आणि द्युमा उतरले. काही अंतर गेल्यावर दोघांचीही बुद्धी बधिर झाली. कशासाठी आलो, हेच आठवेना. वर असलेल्या सहकाऱ्याने दोरीचा संकेत ओळखून दोघांना ओढून घेतले म्हणून ते बचावले. तपास केला तेव्हा दोष झऱ्यात नव्हता. नळकांडी भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत खेचत होता आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळला होता. पाण्यात शिरण्यापूर्वीच मृत्यू पाठीवर बांधला गेला होता.

पुढच्याच वर्षी, 17 सप्टेंबर 1947 रोजी, गटातील मॉरिस फार्ग खोलीची मर्यादा तपासण्यासाठी दोरीच्या आधाराने खाली गेले. दोरीवर ठराविक अंतरावर लावलेल्या पाट्यांवर प्रत्येकाने सही करायची होती. 120 मीटरवरील पाटीवर त्यांची सही सापडली, पण वर आला तो त्यांचा निष्प्राण देह. एवढ्या खोलीवर हवेतील नायट्रोजन मद्यासारखा चढतो आणि माणूस धोका ओळखण्याची शक्तीच गमावतो. व्होक्लूझच्या झऱ्यात कुस्तो यांचा जीव वाचवणाऱ्या दोरीपाशी फार्गच उभे होते. त्यांच्या मृत्यूने गटाला हवेवर किती खोल जाता येते, याची सीमा आखून दिली. हौशी पाणबुड्यांसाठी आज ती 40 मीटर मानली जाते.

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. श्वास रोखून वर आल्यास छातीतील हवा फुगते आणि फुप्फुसे फाटू शकतात. घाईने वर आल्यास रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधे, मणका किंवा मेंदूवर घाला घालतो. हे नियम आज कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात पहिल्या आठवड्यात शिकवले जातात. पण ते कागदावर येण्यामागे अशी माणसे आहेत.

कालिप्सोवरील कीर्ती

1950 मध्ये ब्रिटिश धनिक लोएल गिनेस यांनी एक जुने सुरुंगशोधक जहाज विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक भाड्याने कुस्तो यांना दिले. तेच कालिप्सो. जहाज सज्ज करताना पैसा कमी पडला तेव्हा सिमोन यांनी आपले दागिने विकले. पुढे कालिप्सोवर त्यांनी पतीपेक्षाही अधिक दिवस काढले आणि खलाशांच्या त्या आईच झाल्या. पडद्यावर मात्र त्या क्वचितच दिसल्या.

1952 पासून मार्सेयजवळ ग्राँ काँग्लुए बेटापाशी प्राचीन काळी बुडालेल्या जहाजाचे उत्खनन सुरू झाले. पाण्याखालील पुरातत्त्वाचा तो आरंभ होता. तेथेही एका तरुण पाणबुड्याचा बळी गेला. 1953 मध्ये द्युमा यांच्यासह लिहिलेले 'द सायलेंट वर्ल्ड' हे पुस्तक आले आणि जगभर खपले. त्याच नावाच्या चित्रपटाला 1956 मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान आणि पुढील वर्षी ऑस्कर मिळाले. सहदिग्दर्शक लुई माल तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचे होते.

या कीर्तीला डागही आहेत. त्या चित्रपटात प्रवाळावर सुरुंग लावून मासे मोजल्याचे आणि खलाशांनी शार्क मारल्याचे दृश्य आहे. आजचा प्रेक्षक ते पाहून अस्वस्थ होतो. 1954 मध्ये अबुधाबीच्या किनाऱ्यालगत तेलाचा शोध घेण्याचे कामही कालिप्सोने तेल कंपनीसाठी केले. मोहिमांचा खर्च त्यातून निघाला. मात्र पुढे कुस्तो स्वतः बदलले. 1960 मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याचा बेत आखला गेला तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला आणि तो बेत बारगळला. 1973 मध्ये त्यांनी समुद्ररक्षणासाठी कुस्तो सोसायटी स्थापन केली. अंटार्क्टिकावर खाणी खोदू नयेत म्हणून त्यांनी सह्यांची मोहीम चालवली आणि 1991 च्या आंतरराष्ट्रीय कराराने तेथे खाणकामावर बंदी आली.

1962 मध्ये मार्सेयजवळ 10 मीटर खोलीवर उभारलेल्या पोलादी घरात अल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली एक आठवडा राहिले. पुढील वर्षी सुदानजवळ तांबड्या समुद्रात महिनाभराचा मुक्काम झाला आणि 1965 मध्ये सहा जण 100 मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले. शरीर एकदा त्या दाबाला सरावले की पुन्हा पुन्हा वर न येता दीर्घकाळ काम करता येते, हे अशा प्रयोगांतून दिसले. तेलविहिरींवर खोल पाण्यात काम करणारे आजचे पाणबुडे याच तत्त्वावर दिवसच्या दिवस दाबाखाली राहतात.

दोन वाटा, दोन शाळा

चरित्राचा हा भाग परदेशी प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्याने विशेष लक्षपूर्वक वाचावा. 1959 मध्ये मोनॅको येथे सीएमएएस ही पाणबुड्यांची जागतिक संघटना स्थापन झाली आणि कुस्तो तिचे पहिले अध्यक्ष झाले. एका देशात शिकलेल्या पाणबुड्याचे कौशल्य दुसऱ्या देशात ओळखता यावे, यासाठी तिने तारांकित श्रेणी ठरवल्या. ब्रिटनमध्ये बीएसएसी ही संस्था 1953 पासून होती. अमेरिकेत 1966 मध्ये पॅडी सुरू झाली. ती जन्मली इलिनॉय राज्यात, म्हणजे कोणत्याही समुद्रापासून शेकडो मैल दूर.

या संस्था शिकवतात ती मुख्यतः हौशी आणि पर्यटन क्षेत्रातील विद्या. तिच्यात डायव्हमास्टर आणि त्यापुढे प्रशिक्षक होता येते. पॅडीच्या नियमांनुसार डायव्हमास्टरसाठी वय 18 पूर्ण आणि किमान 60 बुड्यांची नोंद लागते. प्रशिक्षकपदासाठी ती 100 वर जाते. पुढची नोकरी पर्यटनस्थळी, पर्यटकांना सांभाळण्याची.

दुसरी वाट औद्योगिक पाणबुड्यांची. बंदरे, पूल, धरणे आणि तेलविहिरी येथे पाण्याखाली कापणे, जोडणे, तपासणे ही त्यांची कामे. त्यांना हवा बहुधा पाठीवरील नळकांड्यातून नव्हे, वरून नळीने मिळते. त्यासाठी ब्रिटनची एचएसई, ऑस्ट्रेलियाची एडीएएस किंवा कॅनडाची डीसीबीसी अशा व्यवस्थांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जातात. फ्रान्समध्ये या कामाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था मार्सेय येथे आहे. म्हणजे कुस्तो यांच्या कर्मभूमीतच. पर्यटनस्थळी मिळवलेले प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र दाखवून तेलविहिरीवर काम मिळत नाही. अनेकांचे पैसे या एका गैरसमजापायी वाया जाऊ शकतात. देश निवडण्याआधी वाट निवडावी लागते.

शेवटचा प्रवास

1968 पासून दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे लाल लोकरी टोपी घातलेला हा कृश माणूस घराघरांत पोहोचला. पण उतरणीची वर्षे कठीण गेली. 28 जून 1979 रोजी धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ विमान अपघातात दगावला. वडिलांनंतर काम सांभाळेल तो हाच, असे मानले जात होते. 1990 मध्ये सिमोन गेल्या. 1996 च्या जानेवारीत सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कालिप्सो बुडाली. पुढे ती वर काढण्यात आली, पण पूर्वीसारखी समुद्रात उतरली नाही. 25 जून 1997 रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले. त्यांचे दफन समुद्रकाठी नव्हे, जन्मगावी सँ-आंद्रे-द-क्यूबझाकमध्ये झाले.

त्यांना शाळा निवडण्याची मुभा नव्हती. आजच्या तरुणाला ती आहे, आणि ती कशी वापरावी हे त्यांच्या चुका सांगतात. व्होक्लूझचा झरा आठवून केंद्रातील कॉम्प्रेसर कुठे ठेवला आहे, हवेची तपासणी कधी झाली, हे विचारावे. फार्ग यांना आठवून खोलीचा विक्रम मिरवणाऱ्या गुरूपेक्षा मर्यादा पाळणाऱ्या गुरूकडे जावे. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, दाबकक्षाची सोय किती अंतरावर, विमा आहे की नाही, प्रमाणपत्र कोणत्या कामासाठी ग्राह्य, या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा मोलाची आहेत. जाण्यापूर्वी कान, फुप्फुसे आणि हृदय यांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

आणि थेट विमानात बसण्यापूर्वी घराजवळ एकदा पाण्यात उतरून पाहावे. मालवणजवळील तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाचे केंद्र उभारले आहे. पाण्याखाली पहिला श्वास घेताना मन शांत राहते की घाबरते, हे थोडक्या खर्चात तेथे कळू शकते. कर्ज काढल्यावर परदेशात ते कळण्यापेक्षा हे बरे.

व्हरमाँटच्या त्या तळ्यात एका नाजूक मुलाला कोणी समुद्र दाखवला नव्हता. तळाशी अडकलेल्या फांद्या काढायला सांगितले होते, एवढेच. धाराशिवच्या विहिरींना तळ आहे आणि तो गाठणारी मुलेही आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला समुद्राने हाक दिलीच, तर त्याने शाळा निळ्या पाण्याकडे पाहून नव्हे, तिथल्या हवेची शुद्धता पाहून निवडावी.